शेवग्याचा पाला

आमच्या सोसायटीची झाडलोट करणाऱ्या पार्वतीबाई रोज सकाळी कुंपणाजवळच्या शेवग्याचा ओंजळभर कोवळा पाला खुडून पदरात घेतात. आज सेक्रेटरींनी त्यांना हटकले, "बाई, उद्या हे झाड तोडणार. फार कचरा होतो."

"कचरा कसला साहेब? घरात डाळ नसली की आमची नातवंडं यावरच तर पोसतात!"

देशाला भाज्यांतून मिळणारी प्रथिने वाढत आहेत, असे मी कालच वर्तमानपत्रातल्या एका तक्त्यात वाचले होते. परंतु त्या तक्त्यात बाजारात तोललेला माल येतो. पदरात पडलेला पाला त्यात कुठून येणार? आणि जे कधी मोजलेच गेले नाही, ते हिरावले गेल्याची दखल तरी कोणी घ्यावी?

मी घेतली. विनापरवाना वृक्षतोडीस लेखी हरकत नोंदवली आणि सेक्रेटरींकडून रीतसर पोचही घेतली.

"काका, एवढ्याशा पाल्यासाठी?" ते हसले.

"परवानगीचा कागद दाखवा, मग करवत आणा," मी म्हणालो.

उद्या मी बुंध्याला खुर्ची टेकवून बसणार आहे. माझे गुडघे दुखतात. एकदा बसलो की मी सहजासहजी उठत नाही.