कारवीचा डोंगर आणि माझा डावा पाय

फुलं बघायला चला म्हणणाऱ्या माणसाचा मला आता संशय येतो. कुणी आपलं सहज म्हणत असेल, पण मी आधी विचारते, आणखी कोण कोण येणार आहे? मैत्रिणी हसतात. हसा म्हणावं. तुमच्या आईनं तुम्हाला डोंगर चढायला लावून तुमचं प्रदर्शन मांडलेलं नाही.

त्या वर्षी भंडारदऱ्याकडे कारवी फुलली होती. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, अख्खा उतार एकदम, आणि मग वाळून जाते. मागच्या खेपेला ती फुलली तेव्हा मी बी.एड.चे पाठ घेत होते, जाणं झालं नाही. ह्या वेळी मी बत्तीस वर्षांची होते, संगमनेरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते आणि माझ्या डाव्या पायात रॉड होता. नाशिक-पुणे रस्त्यावर एका टेम्पोनं माझ्या स्कूटीला उडवलं, त्याला दीड वर्ष झालं होतं. पाच महिने अंथरुणावर, मग वॉकर, मग काठी. काठी सुटली त्या दिवशी मी आईला म्हटलं होतं, कारवी फुलली की मला घेऊन चल, मी माझ्या पायांनी चढणार आहे.

म्हणून सप्टेंबरातल्या एका रविवारी आई आणि मावशी आपण होऊन “चल, तुझी ती कारवी बघून येऊ” म्हणाल्या, तेव्हा मी लहान पोरीसारखी नाचायचीच बाकी राहिले. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, राहते नगरला. तिला चिखल सोसत नाही, डास सोसत नाहीत, चपला ओल्या झाल्या तर दिवसभर तोंड पाडून बसते. ती बाई डोंगरावर फुलं बघायला का निघालीय, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आईनं माझा नवा पिस्ता रंगाचा ड्रेस इस्त्री करून ठेवला होता. चिखलात जायचंय, जुना घालते म्हटलं, तर म्हणाली, “फोटो काढशील ना? मग जरा बरी दिस.” तेही मला पटलं! शाळेत पोरांना प्रश्न विचारा, प्रश्न विचारा म्हणून मी घसा फोडते, आणि स्वतः एक प्रश्न विचारला नाही.

राजूर सोडलं आणि गाड्यांची ही रांग. निम्मा महाराष्ट्र फुलं बघायला लोटला होता. एकजण रस्त्यात गाडी उभी करून टपावर स्पीकर ठेवून नाचत होता, त्याच्या बायकोनं पिवळ्या सोनकीत मधोमध फतकल मारलेली. मी काच खाली करून म्हटलं, “बाई, उठा, फुलं आहेत ती, सतरंजी नाही.” ती म्हणाली, “तुझ्या बापाची आहेत का?” आईनं माझी काच वर केली आणि म्हणाली, “आज तरी तोंड आवर.” आज तरी म्हणजे काय, ते मला अर्ध्या तासानं कळलं.

चहाच्या टपरीवर आम्ही उतरलो आणि मावशी एकदम किंचाळली, “अगं बया, तुम्ही इकडं कुठं!” इतका वाईट अभिनय मी शाळेच्या गॅदरिंगमध्येही बघितलेला नाही. समोर मावशीच्या ओळखीचे, नगरकडच्या कर्जतचे मायलेक. बाईंच्या जरीकाठी साडीखाली नवेकोरे स्पोर्ट शूज. मुलगा छत्तीस-सदतीसचा, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात भलामोठा मोबाईल. कर्जतहून इथं यायला चार-पाच तास लागतात, कुणी वाट चुकून येत नाही. मी आईकडं बघितलं. आई चहात बिस्कीट बुडवत होती आणि ते विरघळून पडलं तरी बुडवतच होती.

म्हणजे बघण्याचा कार्यक्रम. घरी सांगितला असता तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून डोंगरावर आणून मांडला. माझ्या डोक्यात सणक गेली. पण समोर, वळणाच्या वर, सगळा उतार जांभळा दिसत होता. मी स्वतःला म्हटलं, गेले खड्ड्यात. बघू देत काय बघायचं ते, मी माझी कारवी बघते.

आणि मी बघितली. काय सांगू! पुरुषभर उंचीची झुडपं दोन्ही अंगांनी, मधून हातभर रुंदीची पायवाट, आणि जिकडं बघावं तिकडं निळीजांभळी फुलं. त्यांचा चिकट वास बोटांना लागतो. मधमाश्या तर इतक्या, की सगळा डोंगरच गुणगुणत होता. मी एकेक पाऊल टाकत होते आणि पाय साथ देत होता. कुठं थांबले नाही, कुणाचा हात धरला नाही. मागून त्या कर्जतच्या बाई सारख्या म्हणत होत्या, “व्हय पुढं, व्हय. आमी येतो की मागनं.” मला वाटलं, बाई धापा टाकतायत. मुलगा मोबाईल धरून शूटिंग करत होता. मला वाटलं, फुलांचं. वर सपाटीवर पोचले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी ते पुसलंही नाही. तेव्हा मी खरोखर खूश होते. मला सगळ्यात जास्त राग ह्याचाच येतो.

मी एका दगडावर टेकले होते. पलीकडं मुलगा पाठ करून उभा होता आणि मोबाईलमध्ये बोलत होता. “आबा, व्हिडिओ बघा. सगळा डोंगर चढली. लंगडत न्हाई अजिबात.”

मी उठले, त्याच्याजवळ गेले आणि हात पुढं केला. “बघू.” तो इतका दचकला की त्यानं मोबाईल दिलाच. दहा मिनिटांचा व्हिडिओ. त्यात मी होते, पाठमोरी, कमरेपासून खाली. माझे पाय, माझी सलवार, चिखल. सात वर्षांनी फुललेल्या डोंगरावर उभं राहून ह्या माणसानं एक फूल टिपलं नव्हतं!

त्याची आई मात्र निवांत होती. लपवावं असं काही त्यात आहे, हेच तिला वाटत नव्हतं. “राग नगं धरू पोरी,” ती म्हणाली. “आमच्या आबांनी सांगितलं हुतं, चालून बघा. पूर्वी न्हाई का, पोरीला अंगनात चालवून बघायचे? आता अंगनात काय कळतंय? मावशी म्हनली, डोंगरच चढवू. लई चांगली चढलीस. आमचं काय म्हननं न्हाई आता.”

मी आईला बाजूला ओढलं. “तुला माहीत होतं?”

“मीच हो म्हटलं,” आई म्हणाली. “चार स्थळं पायावरून गेली. चार. तू शाळेत असायचीस, फोन मी घ्यायचे. ‘मुलगी लंगडते ना?’ हे मी ऐकायचे. एकदाच सगळ्यांच्या डोळ्यांना दिसू दे म्हटलं. काय चुकलं माझं?”

“मला विचारलं असतंस.”

“तू चढली नसतीस मग.”

“नसतेच चढले! मी काय बाजारात आणलेली म्हैस आहे?”

“हळू बोल,” आई म्हणाली. “ते ऐकतायत.”

त्या दोन शब्दांनी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ठीक आहे, दिसू दे सगळ्यांच्या डोळ्यांना. आणि खाली उतरायला लागले ती लंगडत. साधंसुधं नाही, चांगलं ऐसपैस. डावा पाय फरफटवत, प्रत्येक पावलाला कण्हत. कर्जतच्या बाई थबकल्या. “अगं बया, हिला काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही हो. डॉक्टरांनी फक्त चढायची गॅरंटी दिलीय, उतरायची नाही.” मुलाचा मोबाईल खिशात गेला. मावशी लाल झाली. मला फार मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

थोड्या वेळानं त्या बाईंनी मुलाला “चल रं, उशीर हुतोय” म्हणून पुढं काढलं आणि झपाझप उतरत गेल्या. मावशी त्यांच्यामागं समजूत घालत धावली, चपलांची पर्वा न करता. आई माझ्या पुढं दहा पावलांवर, पाठ ताठ.

नाटक करताना भार सगळा उजव्या पायावर टाकत होते, ते एका ओल्या कातळावर अंगाशी आलं. उजवा पाय सटकला, डावा खाली मुडपला, आणि गुडघ्याखाली अशी कळ आली की मी मटकन खालीच बसले. वाटेच्या कडेची कारवी दोन्ही हातांत गच्च धरली, ती मुळासकट उपटून आली.

“आई,” मी म्हटलं.

“पुरे झालं नाटक,” आई मागं न वळता म्हणाली. “करायची ती शोभा केलीस.”

“आई, खरंच लागलंय.”

ती चालत राहिली. मी उठायचा प्रयत्न केला, पाय जमिनीवर टेकेना. मग मी ओरडले, जशी अपघाताच्या दिवशी रस्त्यावर ओरडले होते तशी, आणि आई थांबली. वळली. तो आवाज तिनं ओळखला, हे मला तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

आणि तरी आधी तिनं खाली रस्त्याकडं मान वळवली. त्यांची गाडी निघाली का, ते बघितलं. मग माझ्याकडं आली.