दोन-दोनवाला साडू

एकट्या वस्तूवर विश्वास न ठेवणारा माझ्या साडूइतका माणूस रत्नागिरी जिल्ह्यात सापडणार नाही. आणि अशा माणसाने जन्मात एकदाच एका माणसावर भिस्त ठेवली, तो माणूस मी निघालो. चूक माझीच होती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर त्याच्या गमती सांगता सांगता मी स्वतःला हळूच बाजूला काढून घेईन. ती सवय मला आहे.

आम्ही दोघेही एकाच सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात. मी प्रशासनात, म्हणजे पंखे, कुलपं आणि रजेचे अर्ज. तो तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत, जिथे सगळ्या शाखांचे हिशेब एका कपाटाएवढ्या यंत्रात साठवलेले असतात. त्यात ओळीने डिस्क बसवलेल्या. एखादी गेली तर बाकीच्या तिचं काम उचलतात, फक्त दुसरी जायच्या आत ती बदलायला हवी. वीज दोन बाजूंनी येते, आणि एवढं करून सगळ्याची एक प्रत खेडच्या शाखेत वेगळ्या यंत्रात असते. "चिपळूणला का नाही ठेवली?" मी एकदा विचारलं. "पूर येतो," तो म्हणाला. "खेडला पण येतोच की." "येतो. म्हणून तिथे वरच्या मजल्यावर आहे." "मग चिपळूणला वरच्या मजल्यावर ठेवायची." "तिथे आपल्याला वरचा मजला नाही, साडूभाऊ." मी मान हलवली. त्याच्याशी बोलताना मी बहुतेक वेळा मानच हलवत आलो आहे.

हे यंत्र त्याच्या अंगात भिनलं की तो आधीपासूनच असा होता म्हणून त्याला ते काम मिळालं, हे मला ठरवता येत नाही. छत्र्या दोन, चष्मे दोन, फोनमध्ये दोन कंपन्यांची सिमं. घराच्या जादा किल्ल्या दोन शेजाऱ्यांकडे, आणि तेही एकमेकांशी न बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडे, म्हणजे दोघे मिळून एकदम कुठे जायला नकोत. बाजारातून बांगडे आणले की अंडीही आणणार. आमची दोघांची सासुरवाडी राजापूरकडे. तिकडे जाताना बायको-मुलीला तो रेल्वेने पाठवतो आणि स्वतः एसटीने जातो. एकदा सासूबाईंसमोरच त्याच्या बायकोने विचारलं, "सगळं दोन-दोन ठेवता, बायको तेवढी एकच कशी ठेवलीत हो?" त्याने मान वर करून गंभीरपणे विचार केला आणि म्हणाला, "तू बंद पडत नाहीस." तिला हसावं की रागवावं कळेना. मलाही कळलं नाही, पण त्यानंतर कितीतरी दिवस ती बहिणीला फोन करून तेच सांगत होती.

गेल्या नवरात्रात तो कधी नव्हे ती रजा घेऊन राजापूरला निघाला. सासुरवाडीच्या घरात त्याच्या दोन्हीपैकी एकाही सिमला रेंज नसते, त्यामुळे बिघाड झाला की यंत्राकडून फोनवर येणारा निरोप त्याला मिळणार नव्हता. म्हणून त्याने मला खाली नेलं. "रोज सकाळी फक्त डिस्कवरचे दिवे बघायचे. हिरवे असले की झालं. पिवळा दिसला तर ती डिस्क गेली, लगेच तिथल्या घरच्या फोनवर कळवायचं. मी नसताना तुम्ही माझे दुसरे." हे तो इतक्या सहज बोलला की मला उगीच मोठं झाल्यासारखं वाटलं.

खंडेनवमीला आम्ही कार्यालयात यंत्रांची पूजा करतो. शिपाई हार घेऊन फिरत होता. तळमजल्यावर आल्यावर म्हणाला, "साहेब, सगळ्यात मोठं मशीन तर ह्येच. ह्येला लहान हार नको, बरा दिसायचा नाय." मी सगळ्यात मोठा झेंडूचा हार निवडला आणि माझ्या हाताने कपाटाच्या तोंडावर बांधला. दसऱ्याला सुट्टी असूनही मी दिवे बघायला गेलो. हाराच्या वर हिरवे, खाली हिरवे. समाधानाने परत आलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बँक उघडली आणि कुठल्याच शाखेत काही चालेना. मी खाली धावलो, हार ओढून काढला, तर झेंडूमागे दोन पिवळे दिवे शेजारी शेजारी. मी तो हार निर्माल्याच्या पिशवीत टाकला आणि मगच राजापूरला फोन केला.

तो दुपारी पोचला, खेडची प्रत चालू केली, दोन्ही डिस्क बदलल्या. एक पैसाही इकडचा तिकडे झाला नव्हता. पण मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत त्याला विचारलं, "मग एवढं दोन-दोन कशाला घेतलं होतं?" त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "साडूभाऊ, पिवळा दिसला नव्हता ना?" मी म्हणालो, "हिरवेच दिसत होते." ते खोटं नव्हतं, हाच त्यातला वाईट भाग.

त्यानंतर तो बदलला. यंत्रातली नोंद सांगत होती की पहिली डिस्क नवमीच्या रात्रीच गेली. दिवा तपासला तर नीट लागत होता. यंत्राच्या कंपनीचा माणूसही डोकं खाजवून गेला. नोंद आणि माझा शब्द, दोन्ही खरे कसे, हे त्याला जमेना, आणि माझ्या शब्दावर संशय घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. त्याने यंत्रावर संशय घेतला. जेवताना मध्येच थांबून विचारायचा, "लागला कसा नसेल?" शेवटी एक दिवस म्हणाला, "मी हे काम सोडतोय. मुंबईची कंपनी बघेल. ज्या दिव्याचा मला भरवसा वाटत नाही, तो मी राखू कसा? उद्या साहेबांना सांगतो."

आम्ही त्या थंड खोलीतच उभे होतो. मी त्याला हाराचं सांगितलं, पिशवीचंही सांगितलं. त्याचा चेहरा सैल झाला. "म्हणजे लागला होता," तो म्हणाला. "लागला होता तर." रागावण्याचं त्याला सुचलंच नाही. तो वाकून एकेक दिवा असा बघू लागला, जणू त्यांचीच क्षमा मागायची होती.

मला तेवढ्यावर सुटता आलं असतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "दिव्याचं राहू दे. हार चुकून बांधला, पण गप्प मी मुद्दाम बसलो. तू मला तुझा दुसरा म्हणाला होतास. मला माफ कर."