गुंडू, सावल, ओळंबा

आमचे देगलूरचे मिस्त्री एकच अवजार तीन नावांनी मागायचे. हाताखाली लातूरकडचा माणूस असला तर ‘थापी दे’, बिदरकडचा असला तर ‘करणी’, आणि निजामाबादकडून आलेल्याला ‘तापी’. गिलाव्याचा माल भिंतीवर मारायचं ते साधं लोखंडी पातं. पण माणसाला त्याच्या घरचा शब्द ऐकू आला की तो दोन पावलं लवकर येतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातली गावं नव्या जागी उभी राहत होती, तेव्हाची ही गोष्ट. मी मूळचा भोकरचा. नांदेडला शिकून नुकताच बाहेर पडलो होतो आणि अशाच एका गावी बांधकामावर देखरेखीला लागलो होतो. भिंतीचे नकाशे काढता येत होते, पण माल कधी हातात धरला नव्हता. मिस्त्रींना हे पहिल्याच दिवशी कळलं असणार. ते कुणापाशी बोलले नाहीत. दुपारी भाकरी खाताना शेजारी बसवून घ्यायचे आणि एकेक वस्तू हातात देऊन सांगायचे. भिंत उभी सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो आपला ओळंबा. हैदराबादकडचे कारागीर त्याला साहूल म्हणायचे, त्याचं मिस्त्रींच्या तोंडी सावल झालेलं. आणि मिस्त्रींचे वडील म्हणायचे गुंडू.

गिलावा करण्याआधी ते भिंतीवर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहायचे. “भिंत तहानलेली असंल तर गिलावा धरत न्हाई, सायेब,” म्हणायचे, आणि पाणी मारून घ्यायचे. आम्हाला घाई असायची, त्यांना नसायची.

त्या गावात एक म्हातारी नव्या घरात पाऊल टाकत नव्हती. तिची दोन माणसं जुन्या घराच्या भिंतीखाली गेली होती. आम्ही सगळ्यांनी समजावून पाहिलं. मिस्त्रींनी काही समजावलं नाही. त्यांनी चारी कोपऱ्यांत ओळंबा सोडला आणि तिला उंबऱ्याबाहेरूनच बघायला लावलं. “बघ माय, दोरी कुठंच भिंतीला चिकटून न्हाई अन् लांब बी न्हाई. आता तूच सांग, सरळ हाय का.” चौथ्या कोपऱ्याला म्हातारी आत आली होती.

पुढे तिथल्या गवंड्यांची परीक्षा ठरली. उत्तीर्ण होईल त्यालाच मिस्त्री म्हणून कामावर घेणार होते. पुण्याहून एक साहेब आले. त्यांच्यासमोर मी ‘हाय’चं ‘आहे’ आणि ‘लई’चं ‘खूप’ करून बोलत होतो. आधी तोंडी प्रश्न, त्यात पास होईल त्याचंच काम दुपारी बघायचं, असं होतं.

साहेबांनी मिस्त्रींना विचारलं, “भिंतीचा पृष्ठभाग उभ्या रेषेत आहे, याची खात्री कशाने कराल?” मिस्त्री गोंधळले. मग म्हणाले, “गुंडू लावून.” मागे कुणीतरी हसलं. त्यांनी घाईने “सावल, सावल” म्हटलं. तीन मुलखांचे शब्द पाठ असलेल्या त्या माणसाला त्या घटकेला ओळंबा आठवेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं आणि विचारलं, “हे काय म्हणताहेत?”

“मला कल्पना नाही, सर,” मी म्हणालो.

मिस्त्रींनी मान खाली घातली. साहेबांनी कागदावर फुली मारली.

दुसऱ्या दिवसापासून ते दुसऱ्यांना माल कालवून देऊ लागले. ज्याला त्यांनी कोपरा धरायला शिकवलं होतं, तो पास होऊन मिस्त्री झाला होता. मी त्या बाजूला जायचं टाळत राहिलो. महिन्याभराने ते देगलूरला निघून गेले, निरोप न घेता. खरं म्हणजे, निरोप घ्यायला मी सापडलोच नाही.

नंतर मीही ते काम सोडलं. नांदेडमध्ये शिकवण्यांचे दिवस आले होते. मी गणिताचे वर्ग काढले, ते चालले, आणि वर एक मजला चढवायला घेतला. ठेकेदाराने गिलाव्याला आणलेल्या माणसांत मिस्त्री होते. केस पांढरे झालेले, भिंतीवर तळहात ठेवून उभे. मला ओळखून ते हसले, “सर झालात की,” म्हणाले, घरच्यांची चौकशी केली. त्यांच्या त्या मोकळेपणाने मला जास्त जड झालं.

तीन दिवस मी धीर गोळा करत होतो. चौथ्या दिवशी जिन्यात चहा घेताना म्हणालो, “मिस्त्री, त्या दिवशी मला गुंडू कळलं होतं.”

“ठाव हाय,” ते म्हणाले. कप खाली ठेवला. “लोकांला वाटलं नापास झालो म्हून मान खाली घातली. तसं न्हाई, सर. आपल्या माणसाला खोटं बोलताना बघवंना.”

ते उठून कामाला लागले. माफी मागायची ती राहूनच गेली; मी दोन्ही कप उचलून वर्गावर गेलो. आठ दिवसांनी काम संपलं. ते निघाले तेव्हा माझा तास चालू होता. खिडकीतून मला ते पिशवी घेऊन फाटकाकडे जाताना दिसत होते, आणि मी उदाहरण सोडवत राहिलो.