बंगळूरची हवा, माझा हेवा आणि मुक्ताची जीभ

आधीच सांगून टाकते, मी बंगळूरला हौसेनं गेले नव्हते. नणंदेत काहीतरी खोट काढायला गेले होते.

त्याचं असं झालं. एप्रिलमध्ये वैशूचा फोन आला. वैशू म्हणजे वैशाली, माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. बंगळूरला एका संशोधन संस्थेत माश्यांवर काम करते. घरमाश्या नव्हेत, पिकल्या केळ्यांवर घोंगावतात त्या चिमुकल्या फळमाश्या. म्हणाली, "वहिनी, मुक्ताची दहावी झाली. अकरावी-बारावी इकडेच करू दे की. माझ्याकडे राहील." नवरा म्हणाला, "विचार करू," म्हणजे त्याचा विचार करून झाला होता. आणि आमचं कन्यारत्न मोबाइलवर तिकडची कॉलेजं बघायलासुद्धा लागलं होतं. मी सांगलीच्या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवतेय, आणि माझ्याच मुलीला विज्ञान शिकायला आत्याकडे जायचंय! मी म्हटलं, आधी मे महिन्यात दोघी जाऊन बघून येऊ. मनात पक्कं होतं, पोरीला परत आणायची.

जाणाऱ्यांसाठी सांगते. मिरजेहून बंगळूरच्या यशवंतपूर स्टेशनला गाड्या आहेत, पण सुट्टीचे दिवस असतील तर तिकीट बरंच आधी काढा. आम्हाला मिळाले ते दोन्ही वरचे बर्थ, माझे गुडघे अजून बोलतायत. यशवंतपूरला उतरलात की रिक्षावाल्यांशी हुज्जत घालत बसू नका. स्टेशनला लागूनच मेट्रो आहे, हिरव्या मार्गाची, ती कुठेही न बदलता थेट वैशूच्या जयनगरला नेते. माणशी शंभराच्या आत काम होतं.

जयनगरला जिना उतरून रस्त्यावर आलो आणि पहिला फटका बसला तो हवेचा. मे महिना, सकाळचे दहा, आणि अंगाला घाम नाही! आमच्याकडे या वेळी पंखासुद्धा गरम वारा फेकतो. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ही मोठमोठी झाडं, खाली गारेगार सावली. बंगळूरच्या हवेचा हेवा वाटतो म्हणतात ते खरं आहे. मला तर चक्क राग आला.

वैशूच्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे मराठीत अर्धं कानडी. दार उघडलं, माझ्याकडे न बघता मुक्ताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अय्यो! ही तर आमची वैशालीच की हो!"

झालं. सोळा वर्षं ऐकतेय मी हे. कुरळे केस आत्याचे, गालावरची खळी आत्याची, डावखुरेपणा आत्याचा. नऊ महिने पोटात वागवली मी, आणि गेली कोणावर तर आत्यावर.

मी आमच्या सांगलीचं भडंग आणलं होतं. अक्कांनी एक घास खाल्ला. "छान आहे हो. पण स्वल्प खार आहे."

मीठ जास्त? माझ्या भडंगात? माझं तोंड एवढंसं झालं. शेवटी वैशूच हसत म्हणाली, "वहिनी, खार म्हणजे तिखट गं. कानडीत." तिखट असेल तर ठीक आहे, तिखट असणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशूनं आम्हाला जवळच्या दर्शिनीत नेलं. दर्शिनी म्हणजे उभ्यानं खायचं छोटं हॉटेल. इडली-वडा, वर लोण्याचा गोळा ठेवलेला डोसा आणि फिल्टर कॉफी, तिघींचं मिळून पुण्यातल्या एका थाळीएवढंही बिल नाही. कॉफीला साखर कमी हवी असेल तर "सक्करे स्वल्प" म्हणा, तो "सरी, सरी" म्हणून मान डोलावतो आणि हवी तेवढी घालतो. कॉफीची वाफ बघून मी मुक्ताला म्हटलं, "सांग बघू, इथे पाणी किती अंशांना उकळत असेल? हे शहर समुद्रसपाटीपासून जवळजवळ नऊशे मीटर..."

"सत्त्याण्णव. हवेचा दाब कमी म्हणून. आत्यानं कालच सांगितलं."

तिथून मेट्रोनं लालबागेत गेलो. झाडं बघायला सगळेच जातात, तुम्ही आतल्या टेकाडावरचा खडक बघा. मी हात पसरून सुरुवात केली, "मुक्ता, हा खडक साधारण तीनशे कोटी..."

"आई, माहितीये. आत्यानं मेट्रोतच दाखवला होता."

तीनशे कोटी वर्षं तो खडक माझी वाट बघत थांबला आणि आत्यानं दहा मिनिटं आधी गाठला! संध्याकाळी घराजवळच्या तळ्यावर फिरायला गेलो, तर कडेला साबणासारखा फेस. वैशू सांगत होती, सांडपाण्यातून साबण, धुण्याची पावडर पाण्यात जाते, मग जलपर्णी माजते, मग पाण्यातला ऑक्सिजन संपतो. मुक्ता चालता चालता वहीत लिहून घेत होती. हाच धडा मी तिला घरी शिकवला तेव्हा ती नखं रंगवत होती. मी तळ्याकडे बघत बसले. एक पाणकोंबडी फेसातून वाट काढत होती, तिचं मात्र मला फार वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी वैशूच्या संस्थेत लोकांसाठी खुला दिवस होता. ती शहराच्या पार उत्तरेला. टॅक्सीनं गेलो आणि दोन तास ट्रॅफिकमध्ये बसलो. तुम्ही ही चूक करू नका, मेट्रो जिथवर जाते तिथवर तिनं जा. आत मात्र बघण्यासारखं होतं. काचेच्या बाटल्यांमध्ये मक्याच्या पिठाचा आणि गुळाचा आंबूस वास, त्यात लाल डोळ्यांच्या माश्या, शेजारच्या बाटलीत पांढऱ्या डोळ्यांच्या. भिंगातून बघायला मुलांची रांग लागली होती.

वैशूच्या टेबलावर एक आरसा होता आणि एक पाटी, "तुमची जीभ वळते का?" वैशू चहाला गेली होती. मुलं आरशात बघून जिभेची पन्हाळी करत होती आणि खिदळत होती. माझ्या अंगात एकदम वारं संचारलं. हा तर माझा धडा! बावीस वर्षं शिकवलेला! मी टेबलामागे गेले आणि माझ्या सांगलीच्या हिंदीत सुरू झाले. जीभ वळणं हा प्रभावी गुण. आईबाबांपैकी कुणाकडून एक जनुक आलं तरी पुरे. माझी वळत नाही, मुक्ताच्या बाबांचीही नाही, आत्याची मात्र वळते. मुक्ताला पुढे ओढलं, "मुक्ता, दाखव." तिनं जीभ बाहेर काढली, झकास नळी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. "बघा," मी म्हटलं, "ही आत्यावर गेली. सगळा आनुवंशिकतेचा खेळ."

पुढच्या एका चष्मेवाल्या मुलीनं शांतपणे विचारलं, "पण आंटी, आईबाबा दोघांचीही वळत नसेल तर प्रभावी गुण मुलीत आला कुठून?"

तिनं पाटी उलटी केली. मागे लिहिलं होतं, आपल्याला शाळेत चुकीच्या शिकवलेल्या गोष्टी. जीभ वळणं एका जनुकावर ठरत नाही. सारख्या जुळ्यांतही एकाची वळते, एकाची नाही. काहींना ती सरावानं जमते.

वैशू चहाचे कप घेऊन मागे उभी होती. "वहिनी, अगं, पुस्तकांत होतंच तसं कितीतरी वर्षं. मीसुद्धा तसंच शिकले." तिच्या आवाजात इतकी माया होती की मला ती सहन होईना. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मी बाहेर गेले आणि गुलमोहराखालच्या बाकावर बसून रडले. खोटं कशाला सांगू, हमसून रडले.

मुक्ता मागोमाग आली. शेजारी बसली.

"जा तू आत्याकडे," मी म्हटलं. "तिला सगळं येतं. जीभसुद्धा तिचीच घेऊन जन्मलीस."

"नाही घेऊन जन्मले."

"म्हणजे?"

"तिसरीत होते ना मी? शाळा सुटली की तुझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचे. तू दहावीला हाच धडा घेत होतीस. कुणाची जीभ वळते विचारलंस, तर त्या वर्षी कुणीच हात वर केला नाही. तुझा चेहरा इतका पडला! मग मी रोज न्हाणीघरातल्या आरशात चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबून सराव करायचे. पुढच्या वर्षी तुला दाखवली. तू मला वर्गासमोर उभं केलंस. आणि म्हणालीस, बघा, आत्यावर गेलीये."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस गं?"

"तुझा धडा चुकला असता ना."

सात वर्षं! सात वर्षं ही मुलगी दर वर्षी माझ्या वर्गासमोर उभी राहून जीभ दाखवत होती, आणि मी तिच्या मेहनतीचं श्रेय वैशूच्या खात्यात टाकत होते. बंगळूरच्या त्या हवेत मला पहिल्यांदा घाम फुटला.

परतीच्या दिवशी अक्कांनी मैसूरपाकाचा डबा दिला आणि माझा हात धरून म्हणाल्या, "मुक्ता कशी उठते-बसते, ताट कसं उचलून ठेवते, ते बघितलं हो मी. ते वळण तुमचं." गाडी सुटली तरी तो डबा माझ्या मांडीवरच होता.

आता जून संपत आलाय. मुक्ता बंगळूरला आहे. फॉर्मवर सही मीच केली, पेन मात्र दोनदा खाली ठेवलं. हेवा गेला का? छे! परवाच ती फोनवर म्हणाली, "आई, आत्या बिसीबेळे भात काय करते माहितीये!" आणि मी तडक फोन तिच्या बाबांकडे दिला.

पण दहावीचा पहिलाच धडा आनुवंशिकतेचा असतो. परवा तो घेतला. फळ्यावर जिभेचं चित्र काढलं आणि त्यावर फुली मारली. म्हटलं, "मुलांनो, हे मी बावीस वर्षं चुकीचं शिकवलं. माझ्या मुलीला सात वर्षं माहीत होतं, मला नव्हतं."

मग पहिल्या बाकावरच्या एकीनं विचारलं, "बाई, तुमची वळते?"

"अजून नाही," मी म्हटलं. "रोज सकाळी चमचा घेऊन आरशासमोर उभी राहते. डावी कड थोडी उचलायला लागलीये."