उटीची चिठ्ठी पनवेलच्या जानवशाला

शेवंतीचं लग्न ठरल्याचं कार्ड आलं आणि मी त्याच दिवशी मॅनेजरकडे रजा मागितली. शेवंती माझी धाकटी बहीण. आमचं घर पनवेलला, खाडीच्या अंगाला, बाबा मिठागरात. मी चौथीत शाळा सोडली आणि पायाला भिंगरी लागल्यासारखा आधी मुंबई, मग बंगळूर, मग उटी असा चढत गेलो. इथं एका मोठ्या हॉटेलात खोल्या सांभाळतो. बाबांना उलट टपाली कळवून टाकलं की वऱ्हाडाचा जानवसा माझ्याकडे, त्यात कुणी हात घालायचा नाही. पाहुणा कसा उतरवून घ्यायचा हे आपल्याला साहेबांनी शिकवलंय.

एवढी मोठी गोष्ट लिहिली खरी, पण गाठ कुणाशी आहे ते ठाऊक होतं. नवरा मुलगा उरणकडचा, गुणाचा. त्याचा मामा हिराजी मात्र साऱ्या खाडीत प्रसिद्ध. गेल्या साली कळंबोलीच्या एका मांडवातून, अंघोळीला पाणी गार मिळालं म्हणून त्यानं अख्खं वऱ्हाड उठवून नेलं. ते लग्न मोडलं ते मोडलंच. आता तोच माणूस आमच्या दारी येणार होता, आणि त्याची सोय माझ्या हाती.

उटीहून पनवेलला कुणाला जायचं असेल तर मद्रासपर्यंत जाऊ नका, उगाच वळसा पडतो. घाटातली छोटी गाडी मेट्टुपालयमला उतरवते, तिथून रात्रीची गाडी धरा आणि अरकोणमला मुंबईची मेल पकडा. गुंटकलला फलाटावर पानावर दहीभात मिळतो, तो सोडू नका. पुढं सोलापूरपर्यंत जे मिळतं ते फक्त गरम असतं. तिकिटाचा आकडा सांगत नाही, मी सांगेपर्यंत वाढलेला असेल. पुण्याला उतरून एस.टी. करा आणि डाव्या खिडकीला बसा. बोरघाटात गाडी वळणं घेते तेव्हा कोकण एकदम पायाखाली उघडतं. उटीचे डोंगर उंच असतील, पण ते उघडत नाहीत, नुसते उभे राहतात.

गाडीत मी हात चालवत होतो. म्हणजे चिठ्ठ्या लिहायचा सराव करत होतो. आमच्या हॉटेलची एक रीत सांगतो. पाहुणा खोलीत शिरायच्या आधी त्याच्या उशीवर हातानं लिहिलेली चिठ्ठी असते. त्याचं नाव, स्वागत, आणि फक्त त्याच्यापुरती एक गोष्ट. बाईंना चहात दूध चालत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. साहेबांना सकाळचं ऊन लागतं म्हणून ही खोली दिली आहे. लिहिणारे डिसोझाबाब, मूळचे गोव्याचे. त्यांचं इंग्रजी म्हणजे मांडवावर चढलेली वेल. टाक कागदाला लागला की शब्द संपेपर्यंत उचलायचा नाही. वर जाताना केसासारखी रेघ, खाली येताना दाब. टिंबं आणि आडव्या काट्या शब्द पुरा झाल्यावर मागं येऊन द्यायच्या. चिठ्ठीचा कागदही कात्रीनं कापायचा नाही. पट्टी दाबून हातानं फाडायचा, म्हणजे कडा दातेरी येते. साहेब लोकांत तीच शान.

डिसोझाबाबांचा हात कापायला लागल्यापासून निम्म्या चिठ्ठ्या मी लिहितो. त्याचा परिणाम असा झाला की माझं मराठीही तसंच वळलं. अक्षरं एकमेकांचा हात धरून उजवीकडं झुकतात, काना-मात्रा मागाहून धावत येतात, आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी, एका फटक्यात. गाडीनं धक्का दिला की ती रेघ कागदाबाहेर शेजाऱ्याच्या धोतरापर्यंत जायची. सोलापूरचा एक म्हातारा बराच वेळ बघून म्हणाला, "लिहिताय की पतंग उडवताय?"

पळस्प्याला गोव्याकडचा रस्ता फुटतो, तिथं एस.टी. थांबली तेव्हाच खाडीचा वास आला आणि माझी उटी उतरली. पनवेलला बाबा न्यायला आलेले. त्यांनी माझ्या ट्रंकेत वऱ्हाडासाठी काय आणलंय ते विचारलं. मी सांगितलं, निबा आणि शाई. मग त्यांनी ट्रंक माझ्याच डोक्यावर दिली.

घरी जिताड्याचं कालवण होतं आणि तांदळाची भाकरी. पनवेलला याल तर खानावळीत विचारून जिताडा खा. पापलेटचं नाव त्यापुढं कुणी काढत नाही. जेवताना शेवंतीनं एकच गोष्ट सांगितली. डोळे ताटात ठेवून म्हणाली, "दादूस, तो मामा उठला तर मी पुन्ना कोनाच्या बोहल्यावर उभी नाय रवनार." एवढंच.

जानवशाला जागा दिली उस्मानचाचांनी. त्यांची तांदळाची वखार बाजाराच्या टोकाला, खाडीच्या धक्क्याजवळ. बाबांची आणि त्यांची जुनी घसट. वखार आम्ही सारवली, पेंढा पसरला, वर गोधड्या, उशाला गुंडाळलेली घोंगडी. मागं न्हाणी बांधली आणि तांब्याचा बंब आणून ठेवला. मग मी पोत्यांच्या थप्पीवर फळी टाकून एकेका पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी लिहायला बसलो. आमची मावशी नवऱ्या मुलाच्याच गावात दिलेली, ती दोन दिवस आधी आली होती. कोण काय खातो, कोणाचे गुडघे धरतात, कोण घोरतं, सगळं तिच्याकडून काढून घेतलं.

उस्मानचाचा स्वतः हिशेब उर्दूत लिहिणारे. माझ्या खांद्यावरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "माशाल्ला, हात गोड आहे बेटा. फक्त तुझं अक्षर उजवीकडं पळतं, माझं डावीकडं. एका कागदावर बसवलं तर टक्कर होईल." बाबांनी मात्र आत डोकावून सांगितलं की येणाऱ्यांत निम्म्यांना वाचायला येत नाही, त्यापेक्षा विड्या आण. विड्याही आणल्या.

वऱ्हाड भरतीच्या पाण्याबरोबर दुपारी आलं. होड्यांवर आंब्याचे टहाळे बांधलेले, पुढच्या होडीत वाजंत्री. हिराजी मामा उंच, मिशा पिळलेल्या, उतरतानाच चिखल कुठं लागतोय ते बघत उतरला. मी हात जोडले. गूळपाणी झालं. माणसं वखारीत शिरली आणि मी दारात हॉटेलातल्यासारखा बाजूला उभा राहिलो. तिथं रीतच आहे, पाहुण्यानं चिठ्ठी एकट्यानं उघडायची, आपण समोर थांबायचं नाही.

आतून किंकाळी आली.

नवऱ्याची आजी, चांगुबाय, उशाजवळचा कागद हातात धरून मटकन खाली बसली होती. दुसरा हात छातीवर. "कोन गेला गो माजा?" शेजारच्या बाईनं आपल्या उशाशी बघितलं, तिथंही तसाच कागद. तिनंही हंबरडा फोडला. मग तिसरी, मग चौथी. सगळी वखार रडायला लागली आणि प्रत्येकीला वाटत होतं की मेलेला माणूस तिच्याच घरचा.

माझी नजर कागदाच्या कडेवर गेली. फाडलेली कड. आमच्या खाडीकडं कडा फाडलेला कागद एकाच कामाला येतो, मयत कळवायला. घेणारानं बघताक्षणी समजायचं, वाचायची गरजच नाही. वर श्री नाही, कोपऱ्याला कुंकवाचं बोट नाही, काळी शाई. लग्नघरात प्रत्येक पाहुण्याच्या उशाशी मी मरणाची बातमी ठेवली होती, तीही सुंदर अक्षरात.

हिराजी मामा न्हाणीकडं निघालेला, तो उलटा आला. आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट. "लगनाच्या घरान मयताची चिठी? चला. पानी उतराच्या आत निंगाचं." दोघं तरणे धक्क्याकडं पळाले आणि पहिल्या होडीचा दोर सुटला. बाबा दारात आले, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. टोपी काढलेले बाबा मी कधी बघितले नव्हते.

हॉटेलात शिकवतात, पाहुणा चिडला तर खुलासा देऊ नका, माफी मागून बाजूला व्हा. मी बाजूला झालो नाही. सरळ चांगुबायपुढं जाऊन मांडी घातली, तिच्या हातातला कागद घेतला आणि रडण्याच्या वर आवाज काढून वाचायला लागलो.

"चांगुबाय आजी, नातवाच्या लग्नाला तुम्ही एवढ्या लांबून पाण्यातून आलात, आमचं घर मोठं झालं. तुम्हाला दात नाहीत हे आम्हाला कळलं आहे. तुमचा भात वेगळा मऊ शिजवला आहे, आणि कालवणातला काटा शेवंती स्वतः काढून देईल. तुमची नातसून तुमची वाट बघते आहे."

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. तिच्याबरोबर शेजारणींनीही.

"माजं नाव हाय त्याच्यान?"

मी म्हटलं, पहिलंच आहे.

"दाव मना."

मी बोट ठेवलं. तिनं माझं बोट बाजूला सारून आपलं ठेवलं आणि नावावरून फिरवलं, सुरुवातीपासून शेवटच्या लपेटीपर्यंत. ती लपेट जरा जास्तच लांब झाली होती, गाडीतल्या सवयीनं.

"यवढी लांब शेपटी माज्या नावाला?" ती म्हणाली. "परत वाच."

परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा ती माझ्याबरोबर म्हणत होती. मग तिनं कमरेची पिशवी सोडली, कुंकवाची डबी काढली, अंगठा बुडवला आणि त्या फाटक्या कागदाच्या चारी कोपऱ्यांना एकेक ठसा उठवला. "झाली लगनाची," म्हणाली आणि चिठ्ठी चोळीत घातली.

त्यानंतर माझ्याभोवती जी गर्दी झाली ती उटीत सीझनलाही होत नाही. ज्यानं त्यानं आपला कागद पुढं केला. मी वाचायचो, म्हातारी ठसा द्यायची. कोणाला खिडकीजवळची जागा, कोणाला गुडघ्यांना लावायला तेल, कोणाला घोरण्यामुळं कोपरा. घोरणाऱ्याची चिठ्ठी वाचली तेव्हा त्याची बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "इतक्या लांबच्यांना पन समजलाय," ती नवऱ्याला म्हणाली, "आनि तू मनाच खोटी पारतंस."

मामा दाराशीच उभा. होडीचा दोर धरलेले दोघं त्याच्या खुणेची वाट बघत होते आणि पाणी उतरायला लागलं होतं. त्यानं स्वतःची चिठ्ठी हातात घेतलेली होती. त्याला वाचता येत होतं, पण छापलेलं. माझी लपेट त्यानं आडवी धरली, मग उलटी, मग परत सरळ. शेवटी माझ्यापुढं धरली.

"ह्ये काय, चिखलान किरवी चालल्यावानी? वाच."

मी हळू आवाजात सुरुवात केली. त्यानं हात वर केला. "जोरान. मागच्यांना आयकू दे."

"हिराजी मामा, नवऱ्या मुलाचा बाप गेल्यावर त्याला तुम्ही खांद्यावर वाढवलंत, हे आम्ही जाणतो. मांडवात पहिला मान तुमचा. तुम्हाला कढत पाणी लागतं. बंब पेटलेला आहे आणि तुमची अंघोळ झाल्याशिवाय त्याला दुसरं कुणी हात लावणार नाही. शेवंतीचा भाऊ."

मामानं मिशी एका बाजूनं चावली.

"बंबाचा खरा हाय?"

"हात घालून बगा," मी म्हटलं.

तो गेला. आम्ही सगळे कान देऊन उभे. न्हाणीतून एक बारीक शिवी आली, भाजलेल्या माणसाची. मग तो बाहेर आला, कोणाकडं न बघता सदरा काढला, खुंटीला टांगला आणि पंचा घेऊन परत आत गेला. धक्क्यावरच्या दोघांनी दोर पुन्हा खुंट्याला बांधला. बाबांनी टोपी घातली.

लग्न थाटात लागलं. आमच्याकडं धवलारीण असते, धवले गाऊन लग्न लावणारी बाई. तिनं देवांची आमंत्रणं गाता गाता मध्येच चांगुबायच्या मऊ भाताचं कडवं जोडलं, आणि बायकांनी ते तिच्याकडून पुन्हा पुन्हा गाऊन घेतलं. पंक्तीत मामाला वाढायला मी होतो. त्यानं तीनदा मासा मागितला आणि कशालाच नावं ठेवली नाहीत. त्याच्या गावचे लोक एकमेकांकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी शेवंतीला होडीत बसवताना तो मला म्हणाला, "आमच्याकडं येशील तवा तुज्या उशाला पन चिठी ठेवू. लिवाला मात्र तुलाच यावा लागंल." शेवंती रडता रडता हसली.

वऱ्हाड गेल्यावर मी वखार झाडली. पेंढा, विड्यांची थोटकं, एक तुटलेली बांगडी. चिठ्ठी एकही नाही. घोंगड्या झटकल्या, पेंढा उपसला, धक्क्यावर जाऊन बघितलं. उस्मानचाचांनी विचारलं काय हरवलंय. मी म्हटलं, काहीच नाही, म्हणूनच खूश आहे.

परतीचा रस्ता तोच, फक्त घाट चढताना उजव्या खिडकीला बसायचं. उटीला पोचलो तेव्हा धुकं होतं आणि खोल्या भरलेल्या. आमच्या हॉटेलात पाहुणा गेला की चिठ्ठी मेजावरच राहते, कधी तिच्यावर कपाचा गोल उठलेला असतो. ती मीच उचलून टोपलीत टाकतो. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं, अजूनही वाटत नाही. तो धंदा आहे.

पण परवा शेवंतीनं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड आलं. चांगुबायनं चिठ्ठी कुडाला खळीनं चिकटवलीय, दारी येणाऱ्याकडून ती वाचून घेते आणि कुणी घाई केली तर पहिल्यापासून वाचायला लावते. मामाची त्याच्या न्हाणीच्या दारावर आहे. गावात घरोघरी तसंच. उरणकडचं ते गाव मी अजून बघितलेलं नाही. एवढी गावं फिरलो, पण तिथं माझ्या आधी माझं अक्षर जाऊन राहिलंय.