बुर्गलचं विरजण

न्यूर्नबर्गकडच्या आमच्या गावात यीस्ट विकत आणणं म्हणजे शेजार मेल्याची कबुली देण्यासारखं आहे. बिअर गावाच्या सामायिक भट्टीत शिजते, तिचा जवाचा गोड रस रात्रभर निवतो आणि सकाळी ज्याच्या त्याच्या तळघरातल्या पिंपात जातो. त्यात घालायचं विरजण, म्हणजे यीस्ट, मात्र आधी ज्याच्या घरी बिअर झाली त्याच्याकडून आणायचं. मागणाऱ्याने स्वतः डबा घेऊन जायचं आणि देणाऱ्याने नाही म्हणायचं नाही. बिअर तयार झाली की दारावर सहा टोकांची चांदणी टांगायची, मग सगळं गाव तुमच्या घरी येऊन बसतं. पूर्वी पुष्कळ घरं होती. आता दोनच उरली, किलिआन बॉयमलचं आणि माझं.

किलिआन म्हणजे सहा फुटी धिप्पाड गडी, पण बोलण्याच्या बाबतीत तोंडात कायम मिठाची गुळणी. बोलायची ती त्याची बायको बुर्गल. यीस्टही तीच निवडायची, त्यांचं आणि माझंही. पिंपातली बिअर काढली की तळाशी जो साका उरतो, त्यातला वरचा तपकिरी थर ती लाकडी चमच्याने अलगद बाजूला करायची. अगदी खालचा काळपट गाळ तसाच ठेवायची आणि मधला, सायीसारखा पांढरा तेवढा उचलायची. किलिआन दिवा धरून उभा. "दिवा माझ्याकडे नको, पिंपात दाखव! माझं तोंड काय पहिल्यांदा बघतोयस?" असं ती ओरडायची, ते माझ्या अंगणापर्यंत ऐकू यायचं.

ईस्टरआधीच्या उपवासात बुर्गल गेली. दुपारी बटाटे सोलता सोलता बसल्या जागी गेली. तळघरात तिने विरजलेलं शेवटचं पिंप तेव्हा फसफसत होतं.

ईस्टरनंतर माझी पाळी आली. मी डबा घेऊन गेले, तर किलिआन दारातच आडवा उभा.

"यीस्ट नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे? मांजर प्यायलं?"

"नाही म्हणजे नाही, टिली."

त्याच्या मागे, तळघराच्या पायऱ्यांवर, यीस्टचा मातीचा बरणा मला सरळ दिसत होता. तळपायाची आग मस्तकात गेली. "बुर्गल असती तर तुला झाडूने हाणलं असतं," असं म्हणून मी वळले. गावापलीकडच्या बिअरच्या मोठ्या कारखान्यातून मी यीस्ट आणलं. बिअर झाली. लोक प्यायले, चांगली आहे म्हणाले, आणि लवकर घरी गेले.

तो बरणा त्याने उन्हाळाभर सांभाळला, हे मला नंतर कळलं. रोज सकाळी वरचं पाणी बदलायचं, बर्फ घालायचा, झाकण लावायचं. उन्हाळ्यात भट्टी बंद असते, त्यामुळे त्याच्याकडे जायचं कुणाला कारण नव्हतं. न्यूर्नबर्गहून त्याच्या मुलीने, आफ्राने, कोरड्या यीस्टची पाकिटं पाठवली. "बाबा, यातलं टाका, आता सगळे हेच वापरतात." ती पाकिटं खिडकीत उन्हं खात पडली. यीस्ट फार दिवस ठेवून चालत नाही, ते घरोघरी फिरतं म्हणून तगतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. किलिआनला ठाऊक नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही.

शरद आला, भट्टी पेटली. आधी माझी बिअर झाली, पुन्हा कारखान्याच्याच यीस्टवर, मग त्याची पाळी आली. त्याने रस घरी आणला, तळघरात नेला आणि बरण्यातलं यीस्ट त्यात ओतलं. पहिल्या दिवशी काही नाही. थंडीत लागतो वेळ, म्हणून कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही पिंप मुकं. तो पिंपाला कान लावून बसला होता, असं पाववाली सांगत होती. पुढे वास आंबट झाला आणि त्याने सगळं गटारात सोडलं. माझ्या अंगणाशेजारून ते फेसाळत गेलं. मला वाईट वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

मला जाता आलं असतं. पण रीत ती रीत, मागणाऱ्याने यायचं. मी माझ्या पिंपातला साका तसाच ठेवला आणि वाट पाहिली.

त्यानंतर तिसऱ्या सकाळी तो आला. हातात बुर्गलचा डबा.

"तुझ्याकडचं कारखान्याचं आहे ना?" त्याने विचारलं.

"हो. तूच दिलं नाहीस, मग काय करू?"

"तिचं मी मारलं, टिली." त्याने डबा उंबऱ्यावर ठेवला. "दिलं असतं तर तुझ्या घरी जिवंत राहिलं असतं. पण मला वाटलं, तेही घरातून गेलं तर मग घरात कोण?"

मी दिवा घेतला आणि त्याला खाली नेलं. "एक थर कुठे संपतो आणि दुसरा कुठे लागतो, ते मला कळत नाही," मी म्हणाले. "मला ती निवडून द्यायची. आता तू निवड."

"मी फक्त दिवा धरायचो."

"इतकी वर्षं डोळे मिटून धरत होतास का?"

त्याने चमचा घेतला. वरचा थर अलगद बाजूला सारला, थांबला, वास घेतला, मनगट थोडं तिरकं करून मधली साय उचलली. बुर्गल अशीच मनगट तिरकं करायची. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि दिवाही तिकडेच वळला.

"दिवा पिंपात दाखव," तो म्हणाला, आणि साय बुर्गलच्या डब्यात सोडली.

त्याने भट्टीवर पुन्हा रस शिजवून आणला आणि या वेळी त्याचं पिंप फसफसून चढलं. गावच्या जत्रेला त्याच्या दारावर चांदणी लागली, खोली भरली, किलिआन पेले ठेवत फिरला. नंतर माझी पाळी येताच, मी डबा घेऊन निघायच्या आधी तोच दारात हजर. पांढऱ्या सायीने डबा काठोकाठ भरलेला.

"घरी ठेवलंस का थोडं?"

"नाही. सगळं आणलं."

त्यानेच ते माझ्या रसात घातलं. दोन दिवसांनी फेस वर आला. फेसाचे बुडबुडे फुटताना बारीक चुरचुर आवाज येतो, कान दिला तरच कळतो. त्या दुपारी किलिआन पुन्हा आला, या वेळी हात रिकामे.

"आता काय हवंय?"

"काही नाही. माझं तळघर रिकामं आहे," तो म्हणाला. "थोडा वेळ इथे बसून ऐकू का?"

मी त्याला स्वयंपाकघरातली खुर्ची खाली नेऊ दिली. तो संध्याकाळपर्यंत बसला, उठला, टोपी घातली आणि गेला. माझा नवरा जाऊनही आता किती हिवाळे झाले. दुसऱ्या दिवशी तो यायच्या आधी मी आणखी एक खुर्ची खाली नेऊन ठेवली.