डावी लांब, उजवी आखूड

आमच्या गाडीत डिझेल इंजिन बसवायचं नाही, हे मी तीन जणांना तीनदा सांगितलं होतं. भावाला, भावानं आणलेल्या मेकॅनिकला आणि आईला. चौथ्यांदा तोच विषय निघाला तेव्हा मी बॉनेट लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि ऑफिसला निघून गेले.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं आणि पेट्रोल महागलं होतं. ज्यांच्याकडे मोठ्या परदेशी गाड्या होत्या ते सगळे मूळ इंजिन काढून टेम्पोचं डिझेल इंजिन टाकून घेत आणि गाडी लग्नाला भाड्यानं लावत. आमची गाडी अमेरिकन, दोन दारांची, आठ सिलिंडरची. माझा नातू आता अशा गाडीला मसल कार म्हणतो. आम्ही नुसतं 'गाडी' म्हणायचो, कारण आमच्या रहाटणी गावात दुसरी नव्हतीच.

वडील पिंपरीच्या एका कंपनीत परदेशी साहेबाचे ड्रायव्हर होते. साहेब मायदेशी परतताना ही गाडी वडिलांना देऊन गेला. वडिलांनी मला शेताडीच्या वाटेवर चालवायला शिकवलं आणि शेवटच्या आजारात सगळ्यांसमोर सांगितलं, "लायसन हिच्याकडे, गाडी हिची." भावाकडे लायसन नव्हतं. परीक्षेत गाडी मागे घेताना त्यानं खांब पाडला होता. तरी वडील गेल्यावर वर्षभरातच तो म्हणायला लागला, "ताई, बाईमाणसाला एवढी गाडी कशाला?" पेट्रोल पीत होती, मान्य. मीही साड्या घेत नव्हते. फक्त गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, मी ती बाहेर काढायचे आणि दापोडीपर्यंत जाऊन यायचे. त्या तासाभरात मी कुणाची बहीण नव्हते की कुणाची मुलगी, आणि मला ते फार आवडायचं.

दुखणं निघालं इंजिनाच्या उजव्या अंगाला. या इंजिनाला दोन्ही बाजूंना चार-चार सिलिंडर, आणि प्रत्येक बाजूचा धूर गोळा करणारा एक ओबडधोबड बिडाचा भाग, मॅनिफोल्ड. उजवा मॅनिफोल्ड तडकला. वेल्डिंग केलं, पुन्हा तडकला. बीड असंच असतं, एकदा रुसलं की रुसलं. नवा मिळणं शक्य नव्हतं. गाडी फाडफाड वाजायला लागली.

इतर कुठे हे खपलं असतं. आमच्याकडे नाही. आमचे घरमालक गावातले जुने शेतकरी, पण चिंचवडच्या एका कंपनीत वेल्डर होते आणि शेतीसाठी म्हणून मागून घेऊन कायम तिसऱ्या पाळीला जायचे. सकाळी साडेसातला घरी, आठ ते दोन झोप. तिसऱ्या पाळीचा माणूस झोपलेला असताना आमच्या गल्लीत कुणी तिखट कांडत नसे, अंगणात धुणं आपटत नसे. समोरच्या पिठाच्या गिरणीची घरघर तेवढी त्यांच्या अंगवळणी पडलेली. आणि मी त्यांच्या खिडकीखाली आठ सिलिंडर पेटवले.

ते दारात आले. डोळे लाल, खांद्यावर पंचा.

"बाई, एक तर ही गाडी ऱ्हाईल न्हाईतर तुमचं बिऱ्हाड. दोनी न्हाई."

"बघ," भाऊ आत येऊन म्हणाला. "डिझेलवाला पुढच्या शुक्रवारी येतोय. मूळ इंजिन घ्यायलाही तयार आहे तो."

आईनं मान डोलावली. माझ्याकडे आठ दिवस होते.

साहेबानं डिकीत सोडलेल्या परदेशी मासिकात मी हेडर हा शब्द पहिल्यांदा वाचला. बिडाच्या एका ठोकळ्याऐवजी प्रत्येक सिलिंडरला आपली वेगळी पोलादी नळी, आणि चारही नळ्या खाली जाऊन एकीत मिळतात. दोन प्रकार दिले होते. लांब नळ्यांचे, ज्यांनी गाडी जोरात पळते, आणि आखूड, इंजिनाला बिलगून राहणारे. मला शर्यत लावायची नव्हती. तरी मी लांबच निवडले. चित्रात ते फार देखणे दिसत होते, दुसरं काही कारण नव्हतं.

मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंग शाईनं गिरवायची, एवढंच काम. चित्रावरून मी मापं काढली, आठही नळ्या सारख्या लांबीच्या धरल्या आणि सुबक ड्रॉइंग करून थेट मालकांकडे गेले.

"मालक, तुमची झोप तुम्हीच दुरुस्त करा."

त्यांनी कागद उलटासुलटा केला. "आट सिलिंडर, आट नळ्या. झ्याक हाय की! पर एवढ्यानं गप बसंल व्हय?"

"पुढे ट्रकचा सायलेन्सर लावू."

काम त्यांना मोहात पाडणारं होतं, हे मला दिसत होतं. पवना नदीची वाळू मी चुलीवर घमेल्यात भाजून कोरडी केली. नळीत ती ठासून भरायची, दोन्ही टोकांना लाकडी बुचं ठोकायची, मग नळी लाल करून वाकवायची, म्हणजे वाकताना ती चेपत नाही. वाळूत ओल राहिली तर बूच सुटून कुणाचा तरी डोळा जायचा. म्हणून मी ती दोनदा भाजली. मालक रोज दुपारी दोनला उठून, शेत सोडून, माझ्या नळ्या वाकवत बसायचे. मंगळवारी दोन्ही हेडर तयार झाले.

डावा बसला. उजवा बसेना. बोटभर नाही, चांगला वीतभर आडवा येत होता.

मी गाडीखाली पडून बघितलं आणि मला स्वतःची लाज वाटली. चित्रातली गाडी अमेरिकेतली, तिचं स्टिअरिंग डावीकडे. आमच्या गाडीचं साहेबानं मुंबईत उजवीकडे करून घेतलं होतं. त्याचा सगळा जुडगा नेमका उजव्या नळ्यांच्या वाटेत. चित्र उलटं करून गिरवलं तर त्याच बाजूचा स्टार्टर मध्ये येत होता. आठ वर्षं दुसऱ्याची ड्रॉइंग गिरवून मला तीच सवय लागली होती. स्वतःची गाडी मी बघितलीच नव्हती.

भाऊ पोट धरून हसला. "ताई, आता हेडरला शोभेल अशी गाडी आण!"

त्या संध्याकाळी मी ऑफिसच्या ट्रेसिंग कापडावर नाही, गाडीखाली गोणपाट टाकून, टेप आणि खडू घेऊन, जिथे जागा आहे तिथूनच नळ्या काढल्या. उजव्या बाजूला जागा आखूडच नळ्यांची होती. मग उजवी आखूड, डावी लांब. त्यातही गावचा रस्ता म्हणजे दगडधोंडे. मी डावीखाली वीट उभी धरून पाहिली आणि वीट सुखानं जाईपर्यंत नळ्या वर घेतल्या. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं ड्रॉइंग, जे मी गिरवलेलं नव्हतं.

मालकांनी कागद परत दिला.

"ह्ये न्हाई जमायचं. दोन अंगं दोन तऱ्हंची? माज्या हातचं काम हाय बाई. लोक हसत्याल."

"मालक, तुमच्या जोडीतले दोन्ही बैल सारखे आहेत?"

"पांढरा उंच हाय. तांबडा बुटका."

"मग नांगर वाकडा चालतो?"

त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला. मग पंचा खांद्यावरून काढून कमरेला बांधला आणि नळी उचलली.

बुधवारी पाळीला जायच्या आधी त्यांनी शेवटचा टाका मारला आणि अट घातली. "उद्या म्या झोपल्यावर सुरू करायची. जाग आली, तर शुक्रवारी डिझेल. मग रडायचं न्हाई."

"रडणार नाही," मी म्हणाले. रात्री मात्र रडले, ते भाऊ समजूतदारपणे म्हणाला म्हणून, "तू प्रयत्न केलास ना ताई, बास झालं." बास झालेलं नव्हतं. मला ती गाडी हवी होती, वडिलांनी दिली होती तशी, तिच्या स्वतःच्या इंजिनासकट.

गुरुवारी सकाळी दहाला मी किल्ली फिरवली. आई दारात उभी, भाऊ ओट्यावर हाताची घडी घालून. इंजिन सुरू झालं आणि खालच्या आवाजात घुमायला लागलं. मी खिडकीकडे बघितलं नाही. गिअर टाकला आणि निघाले, दापोडीपर्यंत, आणि वाटेत एकदाच, मोकळ्या रस्त्यावर, पाय दाबला.

परतले तर मालक अंगणात उभे. डोळे लाल, खांद्यावर पंचा. भाऊ शेजारी, हसू आवरत.

"झोपलोच न्हाई," मालक म्हणाले. "सुरू कदी हुती म्हून कान लावून पडलो हुतो. आवाज आला, पर मला वाटलं समोरची पिठाची गिरणी. म्हून पडून ऱ्हायलो. मग ध्यानात आलं, आज बेस्तरवार. गिरणी बंद असती."

भाऊ घाईनं म्हणाला, "म्हणजे मालक, तुम्ही जागे होतात ना! मग उद्या डिझेलवाल्याला—"

मालक त्याच्याकडे वळले.

"त्यो डिझेलवाला माज्या अंगणात आला, तर तुमचं बिऱ्हाड बाहीर," ते म्हणाले, आणि झोपायला गेले.